मुखपृष्ठावर चंद्र, तबकडीत बाटल्या

नव्या अल्बमची घोषणा करताना बँड सहसा गाण्यांविषयी बोलतो. 'कोल्डप्ले' या ब्रिटिश रॉक बँडने जून २०२४ मध्ये 'मून म्युझिक' या आपल्या दहाव्या अल्बमची घोषणा केली, तेव्हा मात्र गाण्यांच्या बरोबरीने चर्चा झाली ती ही गाणी ज्यावर उमटणार होती त्या प्लास्टिकची. एका तबकडीसाठी प्लास्टिकच्या नऊ वापरलेल्या बाटल्या, सीडीसाठी ९० टक्के पुनर्वापरातले पॉलिकार्बोनेट, निर्मितीतील कार्बन उत्सर्जनात मोठी घट, असा तपशील बँडने स्वतःहून जाहीर केला. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी अल्बम बाजारात आला आणि पहिल्याच आठवड्यात ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांच्या विक्रीयादीत अव्वल ठरला.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, जानेवारी २०२५ मध्ये, हाच बँड नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तीन दिवस वाजवून गेला. त्यामुळे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांनाही कोल्डप्लेचा पर्यावरणाचा आग्रह आता ऐकीव राहिलेला नाही. मात्र मैफलीतला आग्रह आणि वेष्टनातला आग्रह या दोन भिन्न गोष्टी आहेत. वेष्टनाचा मूळ हेतूच वस्तू अधिक खपावी हा असतो. मग कमी प्लास्टिकचे ध्येय आणि जास्त विक्रीचे वेष्टन एकाच अल्बममध्ये कसे नांदणार? 'मून म्युझिक'च्या निमित्ताने हा प्रश्न केवळ एका बँडचा राहिलेला नाही.

काय आहे या वेष्टनात?

अल्बमच्या मुखपृष्ठावर अर्जेंटिनाचे छायाचित्रकार मतियास अलोन्सो रेवेली यांनी टिपलेले चांदण्यातले इंद्रधनुष्य आहे. सूर्याऐवजी चंद्राचा प्रकाश पाण्याच्या थेंबांतून वक्र होऊन परावर्तित झाला की असे धनुष्य उमटते. प्रकाश इतका मंद असतो की नुसत्या डोळ्यांना ते बहुधा पांढुरके दिसते. कॅमेऱ्याचे झाकण अधिक काळ उघडे ठेवले की त्यातले रंग प्रकट होतात. अल्बममधील एका गाण्याचे शीर्षक तर शब्दांत नसून केवळ इंद्रधनुष्याचे चिन्ह आहे. म्हणजे चित्र आणि आशय यांचा मेळ साधण्याची रॉक संगीतातील जुनी रीत येथेही पाळलेली आहे.

नवे आहे ते मुखपृष्ठाच्या आत. ग्रामोफोनची नेहमीची तबकडी पीव्हीसी या प्लास्टिकची असते. या प्लास्टिकचा गरम गोळा दोन साच्यांमध्ये ठेवून वाफेच्या उष्णतेने दाबला जातो. पीव्हीसी ज्यापासून बनते ते व्हिनाइल क्लोराइड हे कर्करोगकारक रसायन आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यात ईस्ट पॅलेस्टाइन येथे मालगाडी घसरली, तेव्हा हेच रसायन भरलेल्या टाक्यांमुळे परिसरातील रहिवाशांना घरे सोडावी लागली होती. 'मून म्युझिक'ची तबकडी पाण्याच्या बाटल्या बनतात त्या पीईटी प्लास्टिकची आहे. जर्मनीतील 'सोनोप्रेस' कंपनीने विकसित केलेल्या या पद्धतीत वितळलेले प्लास्टिक साच्यात सोडले जाते, त्यामुळे वाफेची गरज भासत नाही. या पद्धतीने तबकडीच्या निर्मितीतील कार्बन उत्सर्जन किलोमागे ८५ टक्क्यांनी घटते आणि पंचवीस टनांहून अधिक नवे प्लास्टिक तयार करावे लागत नाही, असे बँडचे म्हणणे आहे. सीडीबाबत हे आकडे अनुक्रमे किमान ७८ टक्के आणि पाच टनांहून अधिक असे आहेत.

याखेरीज ख्रिस मार्टिन यांच्या हस्ताक्षरातील टिपणे असलेली 'नोटबुक' आवृत्ती वेगळी. तिच्या तबकडीतील ७० टक्के प्लास्टिक ग्वाटेमालातील लास व्हाकास नदीतून 'द ओशन क्लीनअप' या संस्थेने अडवलेल्या कचऱ्यातून आलेले आहे. हा कचरा अडवला नसता तर होंडुरासच्या आखातात गेला असता. वेष्टनावरच्या कलाकृतीइतकेच वेष्टनातल्या पदार्थाला महत्त्व देणारा हा प्रकार आहे. पूर्वी मुखपृष्ठ गाण्यांची गोष्ट सांगत असे. आता तबकडी स्वतःचीच गोष्ट सांगू लागली आहे.

मुखपृष्ठाचा प्रवास

वेष्टन हा रॉक संगीताचा अविभाज्य भाग कसा झाला, हे येथे पाहणे उपयुक्त ठरेल. १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तबकड्या बहुधा साध्या, तपकिरी कागदी पाकिटात मिळत. अमेरिकेच्या 'कोलंबिया' कंपनीत अॅलेक्स स्टाइनवाइस या तरुण चित्रकाराने त्यावर रंगीत चित्रे छापण्याचा आग्रह धरला आणि चित्रामुळे विक्री वाढते हे कंपनीच्या ध्यानात आले. १९४८ मध्ये याच कंपनीने दीर्घकाळ वाजणारी बारा इंची तबकडी आणली आणि चित्रकारांना फूटभर लांब-रुंद असा चौकोन मिळाला.

त्या चौकोनाचे सोने केले ते साठ-सत्तरच्या दशकांतील रॉकने. १९६७ मध्ये 'बीटल्स'च्या 'सार्जंट पेपर्स'साठी पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी नामवंतांच्या पुठ्ठ्याच्या प्रतिमांची गर्दी उभी केली. मागच्या बाजूला गाण्यांचे शब्द छापले. पुढल्याच वर्षी रिचर्ड हॅमिल्टन यांनी त्याच बँडला कोरे पांढरे पाकीट दिले आणि त्यावर प्रत्येक प्रतीचा क्रमांक छापला. लाखोंच्या संख्येने निघणाऱ्या वस्तूवर मर्यादित आवृत्तीसारखा क्रमांक असावा, हा त्यातला उपरोध होता. १९७१ मध्ये 'रोलिंग स्टोन्स'च्या 'स्टिकी फिंगर्स'वर अँडी वॉरहोल यांच्या कल्पनेतून खरीखुरी चेन बसवण्यात आली. गठ्ठ्यांत रचल्यावर ही चेन तबकड्यांवर दाबली जाऊ लागली, तेव्हा ती अर्धी उघडी ठेवून पाठवण्याची युक्ती काढावी लागली. दाब पडलाच तर मधल्या कागदी लेबलवर पडावा, हा हेतू. १९७३ मध्ये 'हिप्नोसिस' या संस्थेने 'पिंक फ्लॉइड'ला काळ्या पार्श्वभूमीवरचा लोलक दिला. त्यावर ना बँडचे नाव होते, ना अल्बमचे.

सीडीने हा चौकोन पाच इंचांवर आणला. भारतात नव्वदच्या दशकात रॉक संगीत बहुसंख्य श्रोत्यांपर्यंत पोहोचले ते कॅसेटवरून. तेथे तर ते चित्र घडीच्या कागदी पट्टीत मावेल एवढेच उरले. तरीही ती पट्टी उलगडून गाण्यांचे शब्द वाचण्याची सवय एका पिढीला होती. पुढे मोबाइलच्या पडद्यावर मुखपृष्ठाचा आकार टपाल तिकिटाएवढा झाला. मुंबईत काळा घोडा येथील 'ऱ्हिदम हाऊस' हे दुकान २०१६ मध्ये बंद झाले, तेव्हा संगीताला हाताने स्पर्श करण्याचे दिवस संपले, असेच अनेकांना वाटले होते.

'लाँगबॉक्स'चा धडा

वेष्टन आणि पर्यावरण यांचा वाद मात्र आजचा नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात सीडी आली, तेव्हा दुकानांतील कप्पे बारा इंची तबकड्यांच्या मापाचे होते. त्यात सीडी बसाव्यात, शिवाय त्या सहज चोरता येऊ नयेत, म्हणून प्रत्येक सीडी सुमारे एक फूट उंच आणि अर्धा फूट रुंद अशा पुठ्ठ्याच्या खोक्यात विकली जाऊ लागली. याला 'लाँगबॉक्स' म्हणत. घरी नेल्यावर ग्राहक हे खोके फाडून टाकी. त्याचा संगीताला काहीच उपयोग नव्हता.

या नासाडीविरुद्ध पर्यावरणवादी गट आणि काही कलाकारांनी आवाज उठवला. १९९१ मध्ये 'आर.ई.एम.' या बँडने आपल्या 'आउट ऑफ टाइम' या अल्बमच्या खोक्यावर मतदार नोंदणी सुलभ करण्याच्या मागणीचा अर्ज छापला; चाहत्यांनी तो कापून सह्या करून पाठवला. मतदार नोंदणीचा तो कायदा मे १९९३ मध्ये झाला. त्याआधी, एप्रिल १९९३ मध्ये, मोठ्या कंपन्यांनी लाँगबॉक्सच बंद केला होता.

या घटनेतला धडा साधा आहे. त्या वेळी खोका पुनर्वापराच्या पुठ्ठ्याचा करण्याचा मार्गही खुला होता. खरी बचत झाली ती खोका काढून टाकल्याने. जी वस्तू तयारच होत नाही, तिचा पदार्थ कोणता याची चिंता करावी लागत नाही.

ऐकण्यासाठी की ठेवण्यासाठी?

स्ट्रीमिंगच्या काळात मुखपृष्ठ मरेल, हा अंदाज चुकला. गाणे जवळपास फुकट झाल्यावर विकण्याजोगी वस्तू उरली ती वेष्टन. २००७ मध्ये 'रेडिओहेड'ने 'इन रेनबोज' हा अल्बम श्रोता देईल त्या किमतीत डाऊनलोडला दिला आणि त्याच वेळी तबकड्या व चित्रपुस्तिका असलेली पेटी ४० पौंडांना विकली. २०१९ मध्ये 'टूल' या अमेरिकी बँडने 'फिअर इनॉक्युलम'च्या सीडीसोबत चार इंची पडदा, छोटा स्पीकर आणि चार्जिंगची सोय असलेले वेष्टन दिले. कल्पकता निर्विवाद, पण एका सीडीच्या पाकिटात बॅटरी आणि विद्युत मंडल घालणे म्हणजे उद्याच्या ई-कचऱ्याची तरतूद करणेही होय.

तबकडीचे पुनरागमन आकड्यांतही दिसते. अमेरिकेत २०२२ मध्ये तबकड्यांची विक्री सुमारे ४ कोटी १० लाख, तर सीडींची ३ कोटी ३० लाख होती. १९८७ नंतर प्रथमच तबकडीने सीडीला संख्येत मागे टाकले. मात्र 'ल्युमिनेट' या संगीत-बाजाराचा अभ्यास करणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये दिलेली माहिती अधिक बोलकी आहे. अमेरिकेत तबकडी विकत घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांकडेच ती वाजवण्याचे यंत्र होते. उरलेले निम्मे ती पाहण्यासाठी, भिंतीवर लावण्यासाठी किंवा आवडत्या कलाकाराशी नाते म्हणून घेतात. त्यात गैर काही नाही. पण मग ही वस्तू प्रामुख्याने मुखपृष्ठासाठीच विकली जाते आणि तबकडी हे त्या मुखपृष्ठाचे वजन ठरते.

कंपन्यांनी हे केव्हाच ओळखले. एकाच अल्बमच्या निरनिराळ्या रंगांच्या तबकड्या, निरनिराळी मुखपृष्ठे, सही केलेल्या प्रती, एखादे जादा गाणे असलेली आवृत्ती असे प्रकार काढले की निष्ठावान चाहता एकाऐवजी तीन-चार प्रती घेतो आणि त्या सगळ्या विक्रीयादीत मोजल्या जातात. गायिका बिली आयलिश हिने मार्च २०२४ मध्ये 'बिलबोर्ड'ला दिलेल्या मुलाखतीत या प्रथेला उधळपट्टी म्हटले होते. त्याच वर्षी तिचा स्वतःचा अल्बमही पर्यावरणस्नेही साहित्याच्या, परंतु अनेक रंगांच्या तबकड्यांवर निघाला. टीका करणाऱ्यालाही या बाजाराबाहेर राहता येत नाही, हे त्यातून दिसले. 'मून म्युझिक'ला अमेरिकेत अव्वल स्थान मिळाले, त्या आठवड्यातही बहुतांश वाटा स्ट्रीमिंगचा नव्हता. तो तबकडी, सीडी आणि डाऊनलोड यांच्या थेट खरेदीचा होता.

हिशेब प्रतीचा की प्रतींचा?

कोल्डप्लेच्या दाव्याकडे म्हणूनच दोन बाजूंनी पाहावे लागते. उत्सर्जनात ८५ टक्के घट ही किरकोळ गोष्ट नाही. वजन सारखेच धरले, तर जुन्या पद्धतीच्या एका तबकडीच्या उत्सर्जनात नव्या पद्धतीच्या सहा तबकड्या बसतात. शिवाय तबकडी ही एकदा वापरून फेकण्याची वस्तू नाही. नीट ठेवली तर ती दशकानुदशके टिकते. नदीतला कचरा समुद्रात जाण्याऐवजी कुणाच्या कपाटात जात असेल, तर त्यात लाभच आहे.

दुसरी बाजू गणिताचीच आहे. एका चाहत्याने एकाच अल्बमच्या चार आवृत्त्या घेतल्या, तर ८५ टक्क्यांची बचत ४० टक्क्यांवर येते. सात घेतल्या तर बचत शून्याखाली जाते. आणि हा हिशेब केवळ तबकडीच्या निर्मितीचा झाला. पुठ्ठा, छपाई, वाहतूक यांचा भार प्रत्येक प्रतीबरोबर वाढतच असतो. पंचवीस टनांचा आकडा मोठा वाटतो, पण १४० ग्रॅमच्या तबकडीच्या मापाने तो सुमारे पावणेदोन लाख तबकड्यांचा होतो. म्हणजे वाचलेल्या प्लास्टिकचा आकडा हा प्रत्यक्षात छापलेल्या प्रतींचा आकडा आहे. जितक्या प्रती अधिक, तितके 'वाचवलेले' प्लास्टिक अधिक! किलोमागचा आकडा नेहमी असाच फसवा असतो. किलो किती, हे तो सांगत नाही.

बाटल्यांचाही प्रश्न आहे. पीईटीची बाटली गोळा झाली तर तिच्यापासून पुन्हा बाटली होऊ शकते. तिची तबकडी झाली की ती साखळीतून बहुधा कायमची बाहेर पडते. येथे नवी मुंबईच्या मैफलीची आठवण उपयोगी पडावी. तेथे प्रेक्षकांच्या मनगटावर लुकलुकणारे पट्टे कार्यक्रम संपल्यावर परत गोळा केले जात होते, कारण तेच पट्टे पुढच्या गावी वापरायचे असतात. हे पट्टे वनस्पतीजन्य प्लास्टिकचे आहेत. पण त्यांचा खरा गुण परत येण्यात आहे. तबकडी परत येत नाही.

बँडच्या हेतूविषयी मात्र शंका घेण्याचे कारण नाही. २०१९ मध्ये, पर्यावरणाची हानी कमी करण्याचा मार्ग सापडेपर्यंत दौरा करणार नाही, असे या बँडने सांगितले होते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या दौऱ्याचे उत्सर्जन आधीच्या दौऱ्याच्या तुलनेत, प्रत्येक मैफलीमागे, ५९ टक्क्यांनी घटल्याचे त्याने जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच दौऱ्यात 'नेस्टे' या फिनलंडच्या इंधन कंपनीशी केलेल्या भागीदारीवरून पर्यावरणवाद्यांची टीकाही त्याला सोसावी लागली. स्वतःचे आकडे जाहीर करणाऱ्यालाच टीका सोसावी लागते आणि मौन पाळणारे सुटतात, हेही लक्षात घेतले पाहिजे.

स्ट्रीमिंग निर्दोष नाही

मग तबकडी, सीडी हे सगळे सोडून केवळ मोबाइलवर ऐकावे काय? उत्तर इतके सोपे नाही. काइल डिव्हाइन या अभ्यासकाने २०१९ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, अमेरिकी संगीत उद्योगाने १९७७ मध्ये सुमारे ५ कोटी ८० लाख किलो प्लास्टिक वापरले, २००० मध्ये ६ कोटी १० लाख किलो. २०१६ मध्ये हे प्रमाण ८० लाख किलोपर्यंत खाली आले. परंतु याच काळात संगीत ऐकवण्यापायी होणारे हरितगृह वायूंचे उत्सर्जन १४ कोटी किलोवरून २० ते ३५ कोटी किलोच्या घरात गेले. सर्व्हर, जाळे आणि उपकरणे यांना लागणारी वीज डोळ्यांना दिसत नाही, एवढाच फरक. निरुपद्रवी असे वेष्टन नाही, तसेच निरुपद्रवी असे 'विनावेष्टन'ही नाही.

म्हणूनच वेष्टन नकोच, हा सूर टोकाचा ठरेल. एक अल्बम, एक सुंदर मुखपृष्ठ, एक टिकाऊ तबकडी आणि ती वर्षानुवर्षे ऐकणारा एक श्रोता हा व्यवहार आजही सर्वांत कमी उधळपट्टीचा असू शकतो. बिघडते ते एकाच्या पाच आवृत्त्या निघतात तेव्हा. तेथे कलेचे काम संपते आणि विक्रीयादीचे काम सुरू होते.

आपल्या तबकडीत काय घातले आहे, हे कोल्डप्लेने ग्राहकाला सांगितले. संगीत उद्योगात हे अपवादानेच घडते आणि इतर बँडनी, मोठ्या कंपन्यांनी ते अनुसरावे असेच आहे. मात्र पुढची पायरी पदार्थाची नसून संख्येची आहे. किती प्रती छापल्या, किती आवृत्त्या काढल्या आणि किती न विकता परत आल्या, हे आकडे वेष्टनावर नसले तरी निदान जाहीरपणे मिळाले पाहिजेत. १९६८ मध्ये हॅमिल्टन यांनी पांढऱ्या पाकिटावर प्रतीचा क्रमांक छापला तो विनोद म्हणून. आज तसा क्रमांक कुणी प्रामाणिकपणे छापला, तर मुखपृष्ठावरच्या कोणत्याही चित्रापेक्षा तो अधिक काही सांगून जाईल.